दाव्याला लागलेली लाळ

म्हशीच्या तोंडात हात घालायचा असेल तर आधी तिची जीभ एका बाजूनं बाहेर ओढून घट्ट धरावी. जीभ दातांच्या मधे आली की म्हैस तोंड मिटत नाही. स्वतःची जीभ चावायला ती काही माणूस नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण खरं शिकवलं ते दगडूभाऊंनी. दगडूभाऊ म्हणजे आमच्या दवाखान्यातले परिचर. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "म्याडम, भिऊ नका. म्हशीला कळतंय भेलेलं मानूस." मी भ्याले नव्हते असं आजवर सगळ्यांना सांगत आले, ते खोटं होतं.

मी ढोरांची डॉक्टर. घनसावंगी-अंबडच्या पट्ट्यात तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची तीर्थपुरीच्या आसपास. सुरुवातीला लोक दवाखान्यात डोकावून विचारायचे, "डॉक्टर कुठंयत?" मी म्हणायचे, "मीच." मग ते पुन्हा विचारायचे, "न्हाई, पर डॉक्टर कुठंयत?" लग्नकार्यात भेटणाऱ्या बायका हळूच विचारत, माणसांच्या डॉक्टरीला नंबर लागला नाही का. मी सांगायचे, माणसं खोटं बोलतात, म्हशी बोलत नाहीत. म्हशींचे मालक बोलतात, हे मात्र मी त्यांना सांगत नसे.

मालकांचे नमुने सांगायला बसले तर हा अंक पुरायचा नाही. लस टोचलेल्या जनावराच्या कानात आम्ही नंबराचा पिवळा बिल्ला मारतो. एका गड्यानं तो कापून काढला आणि घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. का, तर हरवू नये म्हणून. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. लस आली की त्यांच्याकडून सुवाच्य अक्षरात अर्ज यायचा: "माझी म्हैस माहेरी गेली असल्याने उपस्थित राहू शकत नाही." माहेर म्हणजे गुरुजींच्या सासुरवाडीचं मागचं आवार. सुई मारली की दूध आटतं, म्हैस गाभडते, म्हणजे गर्भ टाकते, अशी भीती घरोघर होती. एक-दोन दिवस दूध थोडं कमी होतं हे खरं आहे. बाकीचं खरं नाही, पण भीतीला त्याचं काय.

आज मात्र मला एकच हकिगत सांगायची आहे, कारण तिच्यात चूक माझी होती.

आधी धंदा समजून घ्या. आमच्याकडे म्हैस म्हातारी झाली, भाकड झाली, म्हणजे दूध देईनाशी झाली, की व्यापारी येतो. गाय-बैल या धंद्यात कायद्यानंच येत नाहीत, हा सगळा मामला म्हशींचा. व्यापारी चार-सहा गावांतून म्हशी गोळा करतो, आम्ही तपासून दाखला देतो, टेम्पो कारखान्यावर जातो, आणि तिथून मांस गोठवून जहाजानं आखाती देशांत आणि त्याही पलीकडं जातं. कुणी नाक मुरडेल. मुरडोत बापडे, पण भाकड म्हशीचे जे पैसे येतात त्यांत थोडी भर घालून त्याच गोठ्यात दुभती म्हैस येते, आणि त्या दुधावर पोरांची शाळा चालते. मी तीस वर्षं हे पाहिलं आहे.

या सगळ्याला आडवा येतो तो एक रोग, लाळ्या-खुरकूत. तोंडात फोड, खुरांच्या बेचक्यात फोड, लाळेच्या तारा. माणसाला त्यानं काही होत नाही. मोठं जनावरही सहसा मरत नाही, नुसतं कुथत पडतं आणि दूध आटवून बसतं. लहान पारडं मात्र पटकन जातं, कारण हा रोग त्याच्या काळजावर जातो. ज्या देशांनी तो आपल्याकडून हुसकून लावला आहे, त्यांना तो मांसाबरोबर परत यायला नको असतो. म्हणून मांस आधी थंड खोलीत टांगून ठेवतात. त्यात आपसूक आंबटपणा येतो आणि त्या आंबटपणात रोगाचा विषाणू मरतो. हाडांत आणि गाठींत तो टिकतो, म्हणून त्या काढूनच माल बाहेर पाठवतात. एवढं करूनही बंदरावरचा साहेब पहिल्यांदा कागद बघतो. त्याला आमचं गाव ठाऊक नसतं. कागदामागं कागद, आणि सगळ्यांत खालच्या कागदावर माझी सही.

आमच्या भागातल्या म्हशी घेत ते अंबडचे शब्बीरभाई. पन्नाशी उलटलेले, किडकिडीत, खांद्यावर कायम दाव्यांची जुडी. त्यांनी मला कधी एक नोट दाखवली नाही, चहा मात्र इतका पाजला की माझ्या पित्ताला तेच जबाबदार आहेत. मुकी जनावरं टेम्पोत कोंबत नसत, उन्हात उभी ठेवत नसत. त्यांच्या शब्दावर म्हातारी माणसं दारातली म्हैस सोडून द्यायची.

त्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या टेम्पोपाशी एकोणीस म्हशी होत्या. बारा म्हशींची तोंडं मी उघडून पाहिली. तेरावीनं दगडूभाऊंना अशी लाथ हाणली की ते मटकन खालीच बसले. पाय बघता बघता सुजला. मी म्हशी सोडून त्यांच्यामागं लागले, पाणी आणा, गाडी आणा. त्यांना माणसांच्या दवाखान्यात पाठवून परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. उरलेल्या सातांवर मी लांबूनच नजर टाकली. कुठं लाळ नव्हती, कुणी लंगडत नव्हतं. म्हशीत हा रोग गायीपेक्षा सौम्य दिसतो, तोंड उघडल्याशिवाय कळत नाही, हे मी स्वतः नव्या डॉक्टरांना शिकवलेलं. तरीही मी एकोणीस दाखल्यांवर सही केली.

दोन दिवसांनी शब्बीरभाईंचा फोन आला.

"म्याडम, कारखान्यानं माल रोखला. एकीच्या तोंडात फोड निघाले. समदा लॉट बाजूला काढला अन् यादीतून माझं नाव कापलं."

"कायमचं?"

"म्हनले, तुमचा भाग साफ हाय असं दाखवा, मंग बघू. तवर तुमच्याकडची एक म्हैस घेनार न्हाई."

मी तिचा बिल्ल्याचा नंबर विचारला आणि माझी वही उघडली. ती त्या सातांतली होती. मी म्हणाले, "शब्बीरभाई, शेवटच्या सात म्हशींची तोंडं मी पाहिलीच नव्हती."

 ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. म्या तिथंच उभा व्हतो की. म्याबी बोललो न्हाई, टेम्पोला उशीर व्हत व्हता."

त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी झालेली गोष्ट वरिष्ठांना लेखी कळवली, ठपका आला, तो मिळायलाच हवा होता. पण ठपक्यानं रोग जात नाही. शब्बीरभाईंचं नाव पुन्हा चढलं नाही तर त्यांचा धंदा बुडणार होता आणि आमच्या सहा गावांतल्या भाकड म्हशी दारातच राहणार होत्या. भाकड म्हैस दारात राहिली की तिचा चारा दुभतीच्या तोंडचा जातो, आणि नवी म्हैस काही येत नाही.

मी गावं पालथी घालायला लागले. पाच घरांत रोग सापडला. त्यातलं एक घर कौसाबाईचं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक दिवाळी अंक वाचतात. कौसाबाई साठीची, एकटी, तीन जनावरांच्या जोरावर उभी असलेली बाई. पंधरवड्यापूर्वी तिनं म्हातारी म्हैस शब्बीरभाईंना दिली होती. मागं उरली ती चंद्री नावाची दुभती म्हैस, तिचं वीस दिवसांचं पारडू, आणि एक वगार, म्हणजे न व्यालेली तरणी म्हैस. मी पोचले तेव्हा चंद्रीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि पारडू मान टाकून पडलं होतं.

"कालपस्तोर उड्या मारत व्हतं वो," कौसाबाई म्हणाली. "कायतरी करा, बाई."

मी जे करता येईल ते केलं. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. तासाभरात ते गेलं. कौसाबाई रडली नाही, तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मी मात्र रडले. डॉक्टरनं मालकासमोर रडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या गोठ्यात येऊन बसावं.

पाच घरांचं कोडं सुटेना. चार वेगवेगळी गावं, एकमेकांशी येणं-जाणं नाही. पाणवठा एक नाही, चारा एक नाही, रेडाही एक नाही. पाचही घरांनी त्या महिन्यात शब्बीरभाईंना म्हैस विकली होती, एवढंच काय ते सारखं. पण विकलेली म्हैस तर निघून गेलेली, मागच्यांना रोग द्यायला ती थांबली नव्हती.

उत्तर समोर आलं ते पारडू गेल्यानंतर आठ-दहा दिवसांनी. शब्बीरभाई कौसाबाईला भेटायला माझ्याबरोबर आले. धंदा बंद, तरी खांद्यावर दाव्यांची जुडी होतीच. बत्तीस वर्षांची सवय, तिच्याशिवाय त्यांना अंगात सदरा नसल्यासारखं वाटायचं. बोलता बोलता त्यांनी जुडी उतरवली आणि गव्हाणीच्या काठावर ठेवली. चंद्रीपाठोपाठ फोड येऊन बरी झालेली ती वगार पुढं सरकली, आणि भली लांब जीभ काढून दावी चाटायला लागली.

"हो तिकडं," कौसाबाईनं तिला ढकललं. "खारट लागतंय तिला. मागल्या टायमालाबी अशीच चाटत व्हती. चंद्रीबी."

मी जागीच थांबले. "मागल्या टायमाला म्हणजे?"

"म्हातारी न्यायला आल्ते की शब्बीर. च्या पीत बसले व्हते, तवा."

हे समजायला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. म्हैस विकतात, दावं विकत नाहीत. गिऱ्हाईक जनावर घेऊन जाईल, पण घरचं दावं सोडवून खुंट्याला ठेवायचं. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते. त्यामुळं प्रत्येक व्यापारी आपली दावी घेऊन फिरतो. टेम्पो भरला की दावी सोडायची, पुन्हा जुडी बांधायची, पुढच्या गावी निघायचं. एका म्हशीच्या लाळेनं भिजलेलं दावं दुसऱ्या घरच्या गव्हाणीवर, तिथून तिसऱ्या. आम्ही रोगाला अडवायला फाटकावर चुना टाकत होतो, आणि तो शब्बीरभाईंच्या खांद्यावर बसून पाहुण्यासारखा घरात येत होता, वर चहाही घेत होता.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा शब्बीरभाईंचा चेहरा पडला. ते कौसाबाईकडं न बघता म्हणाले, "म्हंजे म्याच रोग वाटत फिरलो म्हना की. हिचं पारडूबी..."

"तुला काय ठावं व्हतं, बाबा," कौसाबाई म्हणाली.

त्यांनी जुडी उचलली, गावाबाहेर नेली आणि सगळी दावी जाळून टाकली. नायलॉनचा घाण वास सगळ्या शिवारात पसरला.

त्यानंतरचे महिने मला माझ्या नोकरीतले सगळ्यांत कष्टाचे आणि सगळ्यांत चांगले वाटतात. अशा वेळी लस बाहेरून आत टोचत यायची असते. आधी रोगापासून लांबच्या गावांना, मग जवळच्यांना, म्हणजे रोगाभोवती कुंपण पडतं. दर जनावराला वेगळी सुई. बर्फाचा डबा शब्बीरभाईंनी स्वतःच्या मोटारसायकलला बांधला. दगडूभाऊ लंगडत लंगडत बरोबर. गोठ्यात शिरण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बूट बुडवायचे. लोकांना आधी हे नाटक वाटलं. पारावर बसलेल्यांसमोर शब्बीरभाई उभे राहिले आणि म्हणाले, "रोग म्या आनला व्हता. आता लसबी म्याच आनलीय. ज्याला शिव्या द्यायच्या त्यानं आधी म्हैस आना, मंग द्या." लोक हसले आणि म्हशी आणायला लागले. त्या खेपेला गुरुजींची म्हैससुद्धा माहेरून परत आली.

एक गोष्ट मात्र अडून राहिली, दाव्याची.

मी म्हणत होते, दर खेपेला नवी दावी आणा. शब्बीरभाईंनी मान हलवली. "म्या आनीन, म्याडम. पर माझी पोरं, बाकीचे व्यापारी? दोन महिने आनतील, मंग समदे जुन्यावरच येतील. ज्याचं जनावर त्याचंच दावं, ते तसंच कारखान्यावर जाईल अन् तिथंच ऱ्हाईल. मंग चुकायची गुंजाइशच न्हाई."

बोलणं बरोबर होतं. पण ते गावात सांगितलं तेव्हा माणसं जागची उठली. एक जण म्हणाला, "शब्बीरभाई, म्हैस न्या. पटत नसंल तर फुकट न्या. पर दावं न्हाई." पुढच्या गावातही हेच, त्याच्या पुढच्याही. सुईला तयार झालेली माणसं दोरीपाशी अडून बसली. मला राग आला, मग माझ्याच घरात कुंकवाचा करंडा कुणाला देत नाहीत ते आठवलं आणि मी गप्प बसले.

भाग साफ व्हायला बरेच महिने गेले. रक्ताचे नमुने गेले, निकाल आले, नवा रोगी एकही नाही. कारखान्यानं कळवलं, एक खेप घेऊन बघतो. ती अडली तर पुन्हा विचारू नका. त्या खेपेत चंद्री जाणार होती. रोगातून ती उठली, पण तिचं दूध आटलं ते आटलं, आणि पुन्हा गाभणही राहिली नाही.

ठरल्या सकाळी शब्बीरभाई कौसाबाईच्या दारात आले. खांदा रिकामा. बूट सोड्याच्या पाण्यात बुडवले आणि गोठ्याच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. आजूबाजूचे सात-आठ जण बघायला जमले होते. त्यांच्याही म्हशी त्या खेपेत होत्या, आणि ते काय करायचं हे इथं बघून ठरवणार होते.

"मावशी," शब्बीरभाई म्हणाले, "म्या दावं आनलं न्हाई."

"दिसतंय," ती म्हणाली.

मी चंद्रीची जीभ ओढून धरली आणि तोंड बघितलं. फोडांच्या जागी गुलाबी नवी कातडी आली होती. खुरं बघितली. मग कौसाबाईनं चंद्रीला हळद-कुंकू लावलं, तोंडात भाकरीचा तुकडा दिला आणि खुंट्याची गाठ सोडली. रीतीप्रमाणं आता गळ्यातलं दावं काढायचं. तिचा हात तिथवर गेला आणि थांबला.

जमलेल्यांत तिची शेजारी राहणारी जाऊ होती, तिनं मागून म्हटलं, "अगं बया, लक्ष्मी जाईल."

कौसाबाई वळली. "लक्ष्मी दाव्यात असती तर माजं पारडू मेलं नसतं," ती म्हणाली, आणि दाव्याचं टोक तिनं शब्बीरभाईंच्या हातात ठेवलं.

 शब्बीरभाईंनी ते दोन्ही हातांत घेतलं, प्रसाद घेतल्यासारखं. दुपारपर्यंत टेम्पोत अकरा म्हशी उभ्या राहिल्या, अकराही आपापल्या दाव्यांनी बांधलेल्या. अकरा तोंडं मी उघडून पाहिली. दगडूभाऊंना मी या वेळी म्हशीच्या मागं उभं राहू दिलं नाही.

खेप कारखान्यावर पोचल्याचा पहिला फोन शब्बीरभाईंनी मला केला नाही, कौसाबाईला केला. मला तिच्याकडूनच कळलं. "उतरली चंद्री. समद्या उतरल्या. शब्बीरचं नाव परत लावलंय म्हनं. आता पुढल्या बाजारात म्हैस घ्यायची, तुमी तोंड बघायला या."

मी रजा टाकून गेले. तीन म्हशी मी नापास केल्या, चौथी पसंत पडली. दुसऱ्याच वेताची, शांत, दात सरळ. विकणारा गडी दुसऱ्या तालुक्यातला, त्याला आमच्या भागातलं रामायण काहीच ठाऊक नव्हतं. व्यवहार झाला, त्यानं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि रीतीप्रमाणं तिच्या गळ्यातलं दावं सोडायला लागला.

"दावं ऱ्हाऊ दे, भाऊ," कौसाबाई म्हणाली.

"तसं कसं, मावशी? घरची लक्ष्मी..."

"माज्या म्हशीचं म्याबी दिलंय," ती म्हणाली. "एकीचं दावं दुसरीला लावत फिरलं की रोग पसरतो. ज्याचं जनावर त्याचंच दावं. ही डॉक्टरीणबाई हाय, इचार तिला."

गड्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला जीभ, लाळ, पारडू, परदेश, सगळं सांगायला तोंड उघडलं होतं, पण कौसाबाईनं हात पुढं केलेला होता आणि ती तो मागं घेत नव्हती. तो बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं सुटत आलेली गाठ पुन्हा आवळली आणि दावं तिच्या हातात दिलं.